बेकारी आणि घराघरांतील भरवसा

(एका बुद्ध विहारातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून एका वृद्ध उपासकांनी मला दारातच हटकले. ते म्हणाले, "गुरुजी, विहारात बाजाराच्या गोष्टी कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, त्यात मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग आपल्या कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा भाग आपत्काळासाठी राखून ठेवण्यासाठी. तेव्हा गृहस्थाच्या जीवनात जमाखर्चाला मानाचे स्थान आहे, ही गोष्ट आपल्या परंपरेस नवी नाही. परंतु चार भाग करण्यास मुळात मिळकत असावी लागते, आणि ती उद्याही येईल असा भरवसा मनात असावा लागतो. हा भरवसा नाहीसा झाला म्हणजे चारही भाग एकाच भीतीच्या पोटात जातात. आजचे माझे सांगणे त्या भीतीविषयी आहे.

अर्थशास्त्री या भरवशाला ग्राहकाचा विश्वास असे म्हणतात. शब्द मोठा आहे, पण त्याचा अर्थ आपल्या मायबहिणींना कोणी शिकवावयास नको. "दिवस बरे नाहीत, हात राखून खर्च करा," असे ज्या घरात म्हटले जाते त्या घरातील ग्राहकाचा विश्वास खाली गेला असे समजावे. हा विश्वास केवळ श्रीमंतांच्या मोटारींच्या खरेदीशी संबंधित आहे असा पुष्कळांचा समज आहे. तो समज चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे मला पुस्तकांनी नव्हे, तर आमच्या चाळीने शिकविले.

माझे वडील गिरणीत रिंग खात्यात कामाला होते. ते त्याच खात्यात का होते हे तुम्हांपैकी वयस्कर मंडळींस ठाऊक आहे. विणकाम खात्यात पगार अधिक मिळे. पण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडास लागलेला धोटा इतरांना चालत नसे. म्हणून विणकाम खात्याची दारे आमच्या आजोबांच्या पिढीला बंद राहिली. डॉ. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला होता. मजुरांच्या एकजुटीच्या गोष्टी बोलणाऱ्यांना त्यांनी विचारलेला तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही. असो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पुढे हजारोंना परत कामावर घेतले गेले नाही. संप म्हणून जे सुरू झाले ते बेकारी होऊन संपले.

मी तेव्हा शाळेत होतो. घरात काय काय बंद झाले त्याचा क्रम मला स्पष्ट आठवतो. आधी वर्तमानपत्र बंद झाले. मग अर्धा शेर दुधाचे पावशेर झाले. वडिलांच्या चपलेला तिसऱ्यांदा तळ लावला गेला. दवाखान्यात जाण्याऐवजी आई काढा करू लागली. वाण्याची उधारीची वही जाड होत गेली आणि एके दिवशी वाण्याने ती मिटून ठेवली. त्यालाही माल उधारीवर मिळेनासा झाला होता. आणि या सर्वांच्या मध्ये कोठे तरी, मीठ-मिरची बंद होण्याच्या कितीतरी आधी, माझी थोरली बहीण शाळेतून काढली गेली. ती नववीत होती. तिची फी फार नव्हती. पण जी वस्तू आज न घेतल्याने आज कोणी उपाशी राहत नाही, ती वस्तू भीतीच्या काळात प्रथम जाते. आणि मुलीचे शिक्षण आमच्याकडे अशा वस्तूंत मोडत होते. ती सदऱ्यांना बटणे लावण्याचे काम घरी आणू लागली. ती आज साठीकडे झुकली आहे. माझ्या मुलीच्या पदवीदान समारंभात ती पहिल्या रांगेत बसली होती आणि सबंध वेळ एक शब्द बोलली नाही.

याहून मोठी शिकवण शेजारच्या खोलीतून मिळाली. तेथील गृहस्थ रेल्वेत कायम नोकरीत होते. संपाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता आणि पगार दरमहा येत होता. त्यांनी लोखंडी कपाट घेण्याचे ठरविले होते, दुकानदाराशी बोलणेही झाले होते. चाळीतले एकेक घर बसलेले पाहून त्यांनी तो बेत सोडून दिला. त्यांची नोकरी गेली नव्हती. पण नोकरी जाऊ शकते ही गोष्ट त्यांना दिसली होती. बेकारीचा खरा पसारा येथे दिसतो. ज्याचे काम गेले तो खर्च कमी करतो हे कोणालाही समजते. ज्याचे काम गेलेले नाही तोही खर्च कमी करतो, आणि अशा माणसांची संख्या बेकारांच्या कितीतरी पट असते.

या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास ज्या गावी झाला ते गाव आपल्यापासून फार दूर आहे. पण त्याची हकिगत ऐकताना तुम्हांस ते परके वाटणार नाही. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्नाजवळ मारियनथाल नावाची कामगारवस्ती आहे. सारे गाव एका कापडगिरणीवर जगत होते. १९२९-३० च्या महामंदीत ती गिरणी बंद पडली. मारी याहोदा ही तरुण स्त्री, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी १९३१-३२ च्या हिवाळ्यात त्या गावाची पाहणी केली आणि १९३३ मध्ये तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गावात ४७८ कुटुंबे होती आणि बहुतेकांच्या घरी काम नव्हते.

या अभ्यासकांनी काय पाहिले? त्यांची अपेक्षा अशी असावी की, रिकामा वेळ मिळाला म्हणजे माणसे अधिक वाचतील, अधिक जमतील, अधिक बोलतील. घडले उलट. कामगारांच्या वाचनालयाने वर्गणी माफ केली, तरी १९२९ ते १९३१ या काळात घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, चालता चालता मध्येच थांबू लागले. पुष्कळांनी घड्याळ वापरणे सोडले. स्त्रिया मात्र भरभर चालत होत्या, कारण घरचे काम संपलेले नव्हते. हा तपशील वाचून मी पुस्तक खाली ठेवले होते. आमच्या चाळीच्या जिन्यावर मी हेच पाहिले होते.

मुलांना नाताळसाठी काय हवे ते लिहावयास सांगितले. शेजारच्या गावांतील मुलांनी जे मागितले त्याच्या मानाने मारियनथालच्या मुलांच्या मागण्या सुमारे एक-तृतीयांश किमतीच्या होत्या. आणि त्याही "मिळाले असते तर" अशा भाषेत लिहिलेल्या होत्या. ग्राहकाचा विश्वास किती खोल जातो ते पाहा. मूल अजून बाजारात गेलेले नाही, त्याच्या हाती एक नाणे नाही. पण मागण्याची सवय त्याने आधीच सोडली आहे.

त्यांनी कुटुंबांची चार प्रकारांत विभागणी केली: उमेद न सोडलेली, आहे त्यात भागवून गप्प बसलेली, निराश झालेली, आणि सर्वच सोडून दिलेली. नंतर त्यांनी प्रत्येक प्रकारातील दर माणशी मिळकत काढली. पहिल्या प्रकारात ती महिना ३४ शिलिंग होती, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २५ आणि चौथ्यात १९. म्हणजे चार-सहा शिलिंग कमी झाले की माणूस एक पायरी खाली उतरत होता. आम्हांला नेहमी ऐकविले जाते की, उमेद ही मनाची गोष्ट आहे, गरीब माणूस आळशी झाला म्हणून गरीब राहिला. मारियनथालचे आकडे सांगतात की उमेदीलाही भाव असतो, आणि तो भरता न आल्यास ती घरातून निघून जाते.

आता आपल्या देशाकडे वळू. आपली रिझर्व्ह बँक २०१० सालापासून कुटुंबांची एक पाहणी करीत आली आहे. मोठ्या शहरांतील काही हजार कुटुंबांना विचारले जाते: एक वर्षापूर्वीपेक्षा देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, किमती, तुमची मिळकत आणि तुमचा खर्च यांची स्थिती सुधारली की बिघडली? आणि पुढच्या वर्षी काय होईल असे वाटते? "सुधारली" म्हणणारे अधिक झाले की निर्देशांक १०० च्या वर जातो. "बिघडली" म्हणणारे अधिक झाले की १०० च्या खाली येतो. ही पद्धत प्रथम अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात हंगेरीहून आलेल्या जॉर्ज कॅटोना यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ केली. त्यांचे म्हणणे साधे होते. माणूस काय खरेदी करील हे त्याच्या खिशावरच नव्हे, तर उद्याविषयीच्या त्याच्या समजुतीवरही अवलंबून असते.

रिझर्व्ह बँकेचा हा निर्देशांक मार्च २०१९ मध्ये १०४.६ होता. त्याच वर्षी सप्टेंबरात तो ८९.४ वर आला आणि मार्च २०२० मध्ये ८५.६ होता. हे आकडे मी मुद्दाम सांगतो. करोनाच्या साथीने सर्व बिघडविले असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. पण टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली, आणि घसरण तर वर्षभर आधीपासून चालू होती. सप्टेंबर २०१९ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांनी रोजगाराची स्थिती बिघडली असे सांगितले होते. त्याआधी मे २०१९ मध्ये सरकारी श्रमशक्ती पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात २०१७-१८ चा बेकारीचा दर ६.१ टक्के होता. तो अहवाल वेळेवर बाहेर येईना म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले होते. २०१७-१८ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीचा अहवाल तर सरकारने रद्दच केला. वर्तमानपत्रांत फुटलेल्या मजकुराप्रमाणे खेड्यांतील दर माणशी खर्च सहा वर्षांत सुमारे ९ टक्क्यांनी घटला होता. ताप मोजणारी काचेची नळी फोडली म्हणजे ताप उतरत नाही.

२०१९ च्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मोटारींचा खप पडला आणि कारखान्यांतील कंत्राटी कामगारांना प्रथम घरी पाठविण्यात आले. पण माझ्या मनात दुसरीच बातमी राहिली. पाच रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्याचा खप कमी झाला आहे, असे एका मोठ्या कारखान्याने सांगितले. पाच रुपये! सकाळी कामावर निघालेला मजूर चहात बुडवून खातो तो हा पुडा. मोटार न घेणाऱ्याला मी काही विचारणार नाही. पण पाच रुपयांचा पुडा हाती घेऊन जो परत ठेवतो, त्याच्या मनात काय चालले असेल?

मग टाळेबंदी आली. एप्रिल २०२० मध्ये बेकारीचा दर २३ टक्क्यांच्या वर गेला असा एका खासगी अभ्याससंस्थेचा अंदाज होता. त्या एका महिन्यात १२ कोटींहून अधिक लोकांची कामे गेली असे तिने म्हटले. रिझर्व्ह बँकेचा निर्देशांक मे २०२० मध्ये ६३.७, सप्टेंबरात ४९.९ आणि दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, ४८.५ झाला. पाहणी सुरू झाल्यापासून तोवर इतका खाली तो कधी गेला नव्हता. ज्यांनी नाशिकच्या महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन चालणारी माणसे पाहिली आहेत, त्यांना या आकड्यांचे भाष्य नको.

पण येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली, ती नीट समजून घेतली पाहिजे. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत लोकांचा खाजगी खर्च सुमारे एक-चतुर्थांशाने घटला. त्याच तिमाहीत रिझर्व्ह बँकेच्या प्राथमिक अंदाजाप्रमाणे कुटुंबांची आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे २१ टक्क्यांपर्यंत गेली. आधीच्या तिमाहीत ती सुमारे १० टक्के होती. देशात उपासमार आणि त्याच वेळी बचतीचा डोंगर, हे कसे? काही अंशी दुकानेच बंद होती हे खरे. पण ज्यांचे पगार चालू होते त्यांनी भीतीने पैसा धरून ठेवला हेही तितकेच खरे. आणि ज्यांचे पगार बंद झाले त्यांनी काय केले? त्यांनी सोने गहाण टाकले. त्या वर्षी बँकांची सोनेतारण कर्जे झपाट्याने वाढली. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा बँकांना दिली होती. एका घरातील पैसा बँकेत चालला होता, आणि दुसऱ्या घरातील मंगळसूत्र.

धरून ठेवलेल्या पैशात वाईट काय, असे कोणी विचारील. बचत हा सद्गुण नाही का? एका घरापुरता तो सद्गुणच आहे. पण माझा खर्च ही तुमची मिळकत असते आणि तुमचा खर्च ही तिसऱ्या कोणाची. मी सदरा शिवला नाही तर शिंप्याचे काम गेले. शिंप्याने चपला घेतल्या नाहीत तर चपला करणाऱ्याचे. लग्न साधेपणाने उरकले तर वाजंत्र्याचे. सर्वांनी एकाच वेळी हात आखडला तर सर्वांचीच मिळकत घटते आणि ज्या आपत्तीच्या भीतीने बचत केली तीच आपत्ती दारात येऊन उभी राहते. इंग्रज अर्थशास्त्री केन्स यांनी १९३६ मध्ये हा सिद्धांत मांडून त्या काळच्या पंडितांची झोप उडविली. बेकारीने भरवसा जातो, भरवसा गेल्याने खप जातो, खप गेल्याने आणखी काम जाते. हे रहाटगाडगे आपोआप थांबते असे सांगणारे पुष्कळ होते. पण महामंदीत अमेरिकेतील चारपैकी एक कामगार बेकार होईपर्यंत ते थांबले नाही.

आता कोणी आकडे दाखवून म्हणेल की बेकारीचा दर पुढे खाली आला, २०२२-२३ मध्ये तो ३.२ टक्के झाला, मग काळजी कसली? त्यास माझे उत्तर असे. गरीब माणसाला बेकार राहणे परवडत नाही. काम नसेल तर तो भाजीची पाटी घेऊन बसतो, भावाच्या टपरीवर उभा राहतो, आणि सरकारच्या दप्तरी तो कामावर लागतो. त्याच पाहण्यांत असे दिसते की स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण २०१७-१८ मधील सुमारे ५२ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५७ टक्क्यांवर गेले, घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणाऱ्यांचे १३.६ वरून १८.३ टक्क्यांवर गेले, आणि नियमित पगारदारांचे मात्र घटले. बिनपगारी मदतनीस हा कामकरी आहे खरा, पण तो बाजारात काय घेऊन जाणार? म्हणूनच बेकारीचा दर खाली आला त्या वर्षांतही रिझर्व्ह बँकेचा निर्देशांक १०० च्या खालीच राहिला. महागाईचाही त्यात हात होता. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील बेकारी केवळ ३.६ टक्के असताना मिशिगनचा निर्देशांक ५० वर, म्हणजे त्या वेळेपर्यंतच्या नीचांकावर आला होता, आणि त्याचे कारण महागाईच होते. तेव्हा भरवसा एकट्या नोकरीवर उभा नसतो हे मान्य. पण आमच्या वस्त्यांत तो प्रथम नोकरीवरच उभा असतो.

येथे आपल्या विशेष स्थितीचा विचार केला पाहिजे. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी जे भाषण लिहिले आणि जे त्यांना करू दिले गेले नाही, त्यात त्यांनी एक आर्थिक मुद्दा मांडला आहे. जातिभेद नेहमी धर्माच्या अंगाने तपासला जात असल्यामुळे तो मुद्दा झाकला जातो. उद्योगधंदे बदलतात, एका धंद्याची मागणी जाते, दुसऱ्याची वाढते. माणसाला एक धंदा सोडून दुसरा धरता आला पाहिजे. जात ते करू देत नाही, आणि म्हणून जात हीच बेकारीचे एक प्रत्यक्ष कारण ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. रिंग खात्यातून विणकाम खात्यात न जाऊ शकलेल्या माणसाच्या नातवाला तो समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या लोकांना मध्यंतरी जो भरवसा मिळाला तो कोठून आला? सरकारी कचेरी, रेल्वे, टपाल, बँक, विमा, नगरपालिका या ठिकाणच्या कायम नोकरीतून आला. एका कायम नोकरीवर चार भावंडे शिकली, गावी घराला पत्रा चढला आणि दुकानदार हप्त्यावर वस्तू देऊ लागला. दुकानदाराने जात पाहिली नाही असे नव्हे, पण पगाराची पावती पाहून त्याने ती गिळली. आता तेच काम कंत्राटदाराच्या माणसाकडून करून घेतले जाते. खाजगी उद्योगांवर राखीव जागांचे बंधन नाही, आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावर तर कोणाचेच संरक्षण चालत नाही. अकरा महिन्यांची नोकरी असलेला तरुण पगार मिळवतो, परंतु बाराव्या महिन्याचा विचार करून तो जगतो. त्याला बेकार म्हणता येत नाही, आणि निर्धास्तही म्हणता येत नाही.

उपाय काय, असे विचाराल तर मी प्रथम सरकारकडे बोट दाखवीन, आणि ते दाखवण्यात मला संकोच वाटत नाही. सर्वांनी भीतीने हात आखडला असता जो एकटा हात मोकळा सोडू शकतो तो राजा होय. कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला हेच सांगतो. राज्यात चोऱ्या-लुटी वाढल्या तर शिक्षा वाढवून त्या थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे, म्हणजे लोक आपापल्या कामात गुंततील आणि राज्य निर्भय होईल. त्या पुरोहिताला आजच्या कोणत्याही अर्थखात्यात बसविता आले असते.

आपल्या महाराष्ट्रानेच ही गोष्ट करून दाखविली आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र. तिच्या खर्चासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसविला. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले चार पैसे मराठवाड्यातील खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती गेले, आणि तिने ते आठवड्याच्या बाजारात लगेच खर्च केले. गरिबाच्या हाती पडलेला रुपया निजून राहत नाही. २००५ मध्ये केंद्राने याच धर्तीवर देशभरासाठी कायदा केला, आणि २०२०-२१ च्या संकटात त्याखाली सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचे काम निघाले. ते निघाले नसते तर खेड्यातल्या वाण्याची वही आमच्या चाळीतल्या वाण्याप्रमाणेच मिटली असती. शहरातील बेकाराला मात्र अशी हमी नव्हती. तुमच्या आमदाराला, खासदाराला विचारण्याचा पहिला प्रश्न हा आहे. पुतळ्याचा प्रश्न त्यानंतर विचारा.

दुसरी गोष्ट घरातली आहे, आणि ती बोलताना मला जपून बोलले पाहिजे. आमचे काही शिकलेले बांधव गरिबाच्या खर्चाला नावे ठेवतात: घरात दाणा नाही आणि लग्नात मंडप, हाती काम नाही आणि खिशात महागडा फोन. कर्ज काढून केलेल्या लग्नाचा मी कैवारी नाही. दीक्षा घेतल्यावर ज्या खर्चिक चालीरीती आपण सोडल्या त्या मागील दाराने परत आणू नयेत, हे मी नेहमी सांगत आलो आहे. पण मारियनथालमध्ये एका बेकार कुटुंबातील पन्नाशीच्या बाईने केस कुरळे करण्याचा चिमटा हप्त्याने घेतला होता, आणि ज्या तुकड्यात बटाटे लावता आले असते तेथे काही लोकांनी फुले लावली होती. अभ्यासकांनी त्याची टवाळी केली नाही. सदैव हिशेब करीत राहिलेल्या माणसाला एखादी गोष्ट हिशेबाबाहेरची लागते. जो हे समजू शकत नाही त्याने सुधारकाचे काम हाती घेऊ नये.

माझी विनंती एवढीच आहे की, खर्च कापण्याची वेळ आली तर कापण्याचा क्रम भीतीच्या हाती देऊ नका. भीती नेहमी मुलीपासून सुरुवात करते. तिची फी, तिचे पुस्तक, तिचा बसचा पास, मग घरातील आजारी बाईचे औषध, मग वर्तमानपत्र. तुम्ही नवराबायको बसून, मुलांना जवळ घेऊन, कागदावर यादी करा आणि शेवटी काय कापायचे ते आधी ठरवा. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना मी हे अधिक आग्रहाने सांगतो. जुन्या नातलगांचा आधार तुमच्यापैकी काहींना तुटला आहे आणि अडचणीच्या वेळी उसने मागण्याची घरे कमी झाली आहेत. सावकाराकडे जाण्यापूर्वी या विहारात या. येथील बचत गटाकडे फार पैसा नाही हे मला माहीत आहे. पण एका मुलीची वर्षाची फी भरण्याइतका तो आहे, हे मी आजच खजिनदार बाईंना विचारून घेतले आहे.

येताना मी येथील वाचनालयाची नोंदवही चाळली. वर्षाच्या आरंभीची पाने भरलेली आहेत. अलीकडे ओळी विरळ होत गेल्या आहेत. ज्यांची वर्गणी थकली त्यांची नावे कमी केली आहेत असे समजले. ती नावे परत चढवावीत, वर्गणी माफ करावी, असे मी व्यवस्थापकांना सुचविले आणि त्यांनी ते मान्य केले आहे. परंतु मारियनथालच्या वाचनालयानेही वर्गणी माफ केली होती, आणि तरी माणसे आली नाहीत. म्हणून त्या नावांची यादी मी मागून घेतली आहे. सभा संपल्यावर मी ती घेऊन दाराशी बसणार आहे. ज्यांना या मंडळींची घरे ठाऊक आहेत त्यांनी कृपा करून थोडे थांबावे. म्हणजे कोणाकडे कोणी जायचे ते आजच ठरविता येईल.